घायपाताला फुटलेली सोंड

आमच्या अंगणात त्या दिवशी दोनशे माणूस होतं. मी दोनशे म्हणालो की तुम्ही दीडशे धरा. माझं बोलणं असंच ऐकायची आमच्याकडं रीत आहे. वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेच्या काठाला आमची मळ्यातली वस्ती. एरवी दुधाची गाडी सोडली तर तिकडं कुणी फिरकत नाही. त्या दिवशी मात्र पार नदीपलीकडून, पाटसच्या बाजूनं लोक आले होते. कारखान्याला ऊस टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉल्यांत बसून बाया आल्या होत्या, त्यांच्या लुगड्यांना अजून पाचट चिकटलेलं होतं. कुणी नारळ आणला होता, कुणी शिधा. आणि सगळे हात जोडून एका झाडापुढं उभे होते.

झाड म्हणजे घायपात. पण बांधावरचं काटेरी नव्हे, ज्याचा वाख काढून दोर वळतात ते. हे शोभेचं, बिनकाट्याचं. पानं रुंद, राखी हिरवी, हात फिरवला तर वासराच्या कानासारखी मऊ. कमरेएवढ्या खोडावर ती कमळासारखी उमललेली. आणि त्यांच्या मधोमध, आजवर कधी नव्हती अशी मनगटाएवढी जाड दांडी निघाली होती. पुरुषभर वर गेली, मग वाकली, खाली आली आणि टोकाला परत वर वळली. अंगभर फिकट पिवळी फुलं. लांबून बघा, जवळून बघा, हत्तीची सोंड.

सोंडेचा रोख होता आमच्या घराच्या डाव्या खोलीकडं. त्या खोलीत आमची सून सारिका राहायची.

झाड आमच्या गोकुळनं आणलं होतं. गोकुळ आमचा एकुलता एक. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला लागला, त्या वर्षी कुठून तरी पिशवीतून हे रोप घेऊन आला आणि अंगणात लावलं. नऊ वर्षं झाली त्याला. दोन वर्षांपूर्वी सकाळी शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना हायवेला गोकुळ गेला. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. तेव्हापासून माझ्या जिभेची चव गेली, एवढं सांगतो. भाजीत मीठ जास्त पडलं का कमी, मला कळत नाही. आमच्या मंडळींना, धुरपदेला विचारावं, तर तिलाही कळत नाही. आम्हा दोघांना सारिका सांगते. मग आम्ही मीठ घेतो किंवा पाणी घालतो.

सारिकाही त्याच कंपनीत, तयार माल तपासायच्या लाइनवर. दोन वर्षं तिनं आमचं घर ओढलं. दिवाळीत तिथल्याच महेंद्र नावाच्या मुलानं तिला रीतसर मागणी घातली. पोरगा घरी येऊन माझ्यापुढं बसला, चहा पुढं निवून गेला तरी कप उचलला नाही त्यानं. मी हो म्हणालो. धुरपदा म्हणाली, "व्हय, जाऊ दे तिला." डोळ्यांत पाणी नाही, आवाजात काही नाही. संक्रांतीनंतर नोंदणी करायची ठरली. आणि महिन्याभरात झाडाला सोंड फुटली.

आता माझा गुन्हा सांगतो. मी जन्मभर थापा मारत आलो. माझी म्हैस पुरात दौंडला वाहून गेली आणि तिथून पॅसेंजरनं केडगावला उतरून चालत घरी आली, ही थाप तर तालुक्यात गाजलेली. गोकुळ गेल्यापासून मात्र तोंडून एक थाप निघाली नव्हती. दांडी वाकून वळली त्या सकाळी शेजारची ताईबाई दही मागायला आली, दांडीकडं बघून म्हणाली, "आगं बया, आबा, ह्ये काय वो?" का कोण जाणे, दोन वर्षांनी माझी जीभ सळसळली. मी म्हणालो, "गोकुळनं मुळात हत्तीचा दात पुरला होता. आता सोंड आली, पुढच्या साली कान येत्याल."

ताईबाई हसली नाही. भांडं तिथंच ठेवून गेली. दुपारपर्यंत हत्तीच्या दाताचं काय झालं माहीत नाही, पण गोकुळ झाडात आलाय, हे पारावर पोचलं होतं. चाळीस वर्षांत माझी एकही थाप कुणी खरी मानली नाही. ही एकच मानली.

तिसऱ्या दिवशी आण्णा महाराज आले. दौंडकडून आले म्हणत. भगवी लुंगी, वर कंपनीच्या शिक्क्याचं जुनं जाकीट, पायांत स्पोर्टचे बूट. झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या, पानं चाचपली, मुळाशी बोट खुपसून माती हुंगली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग बोलायला लागले ते असे, की ही साधी सोंड नव्हे, हे एनर्जीचं वायरिंग आहे. वरची लाइन आणि खालची लाइन इथं जॉइंट झाली. सायन्सला हे कळणार नाही, कारण सायन्सचा मीटर शंभरापर्यंतच, आणि इथं प्रेशर एकशेआठ आहे. मधेच एका म्हाताऱ्यानं विचारलं, की गोकुळ आत कुठं, खोडात का पानात? महाराज म्हणाले, "मोबाइलमध्ये आवाज कुठं असतो, बाबा? तसा." म्हाताऱ्यानं खिशातला मोबाइल काढून कपाळाला लावला.

मग कौल लावला. कौल आमच्याकडं सगळ्यांना माहीत. देवाच्या अंगावर उजवीकडं एक फूल, डावीकडं एक फूल ओलं करून चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. लोक लग्न ठरवताना, विहिरीची जागा धरताना कौल लावतात. महाराजांनी फुलं देवाच्या मूर्तीऐवजी घायपाताच्या दोन पानांना लावली. पितळेच्या दोन वाट्यांत तीर्थ, एका वाटीत तुळशीचं पान. एकेका वाटीत एकेक फूल बुडवलं, चिकटवलं आणि विचारलं, की देवा, या घरची लक्ष्मी दुसऱ्या घरी जावी का?

ऊन चढलं. डावं फूल सुकलं आणि टपकन पडलं. उजवं जागचं हललं नाही.

महाराज सारिकाकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, सोंड तुझ्या दाराकडं वळलीय. अडवतोय तो तुला. तू गेलीस तर हे झाड मुळासकट वाळंल. नुसतं जायाचा इचार जरी मनात ठिवलास, तरी पानं पिवळी पडाया लागत्याल. बघ मग, दुसऱ्यांदा मारायचं का त्याला."

धुरपदा झाडापाशी जाऊन बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललेलं मी बघितलं. मला ते बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. महाराजांनी सारिकाला एकवीस दिवस झाडाजवळ बसायचं सांगितलं होतं, कामावर जायचं नाही. ती बसली. महेंद्रला तिनं फोनवर काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवला आणि वाती वळत राहिली. मी अडवू शकलो असतो. अडवलं नाही. पोरगी घरात राहतेय, धुरपदा झाडाशी का होईना, बोलतेय. माझ्या मनानं एवढाच हिशोब केला आणि ते परत गोठून बसलं.

दहाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली.

बाया कुजबुजायला लागल्या. ताईबाई तर सारिकाच्या तोंडावर म्हणाली, की मनातून काढ गं त्याला, बघ कसं झुरतंय लेकरू. धुरपदा रोज सकाळी पिवळी पानं मोजायची आणि सुनेकडं बघायची. तसं बघणं मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिलं नव्हतं. आठ पानं पिवळी झाली त्या दिवशी सारिकानं ताट बाजूला सारलं आणि मला विचारलं, "आबा, माझ्या मनात खरंच हाय वो जायाचं. मनातलं कसं काढत्यात?"

मी तिचं ताट परत तिच्यापुढं सारलं.

दुसऱ्या दिवशी ती कौलाच्या पानांपाशी वाकून बसली होती. हाक मारून म्हणाली, "आबा, मुंग्या उजव्याच पानावर का?" बघितलं, तर खरंच, ज्या जागी उजवं फूल चिकटलं होतं तिथं मुंग्यांची रांग. डावीकडं एकही नाही. माल तपासायच्या लाइनवर नोकरी करणारी पोरगी. दोन सारख्या वस्तूंत फरक दिसला की तिला चैन पडत नाही. महाराज दर गुरुवारी येऊन वाट्यांत नवं तीर्थ भरायचे, त्या वाट्या तिथंच होत्या. तुळशीच्या पानाच्या वाटीत मी बोट बुडवून चाखलं, मला काहीच कळलं नाही. तिनं चाखलं. "गूळ हाय, आबा." दुसरी वाटी चाखली. "ह्ये नुसतं पाणी."

गुळाचं पाणी चिकट. त्यात बुडवलेलं फूल सुकलं तरी धरून राहणार. साध्या पाण्यातलं सुकलं की पडणार. ज्या बाजूला हवं त्या बाजूचं फूल पाडायचं, इतकंच.

मी पारावर जाऊन सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि एकानं विचारलं, की आबा, म्हशीचं तिकीट सापडलं का? मी घरी येऊन धुरपदेला सांगितलं.

"गूळ आसंल," ती म्हणाली. "पन पानं पिवळी पडत्यात त्याला कुनी गूळ लावलाय?"

बरोबर होतं तिचं. गुळानं कौल उलगडत होता, झाडाचं मरण उलगडत नव्हतं. आणि अडकली होती सारिका ती मरणात, कौलात नाही.

त्याच संध्याकाळी महेंद्रचा फोन आला. सारिकानं उचलला नाही म्हणून मी उचलला. त्यानं सांगितलं ते मी दोनदा वदवून घेतलं. कंपनीच्या मोठ्या गेटाजवळ, जिकडून सारिकाची बस जात नाही, हीच झाडं रांगेनं लावलेली आहेत, आणि यंदा त्या सगळ्यांना सोंडा आल्यात.

खरं बोलून उपयोग नव्हता, ते मी करून बघितलं होतं. मग जे मला येतं ते केलं. पुढच्या गुरुवारी गर्दी जमली, महाराज पाटावर बसले, तेव्हा मी पुढं होऊन सांगितलं, की गोकुळ स्वप्नात आला होता. म्हणाला, आबा, माझी भावंडं कंपनीच्या गेटापाशी उभी हायेत, आईला एकदा भेटवा. महाराजांनी डोळे उघडले. कंपनीचं नाव ऐकल्यावर त्यांचा हात जाकिटाच्या शिक्क्यावर गेला, तो मी पाहिला.

"स्वप्नाचा भरवसा न्हाई," ते म्हणाले. "कौल लावू."

त्यांनी लावावा हेच मला हवं होतं. ते माणसांकडं तोंड करून मंत्र पुटपुटत होते तेवढ्यात मी हार सरळ करायच्या निमित्तानं तुळशीचं पान या वाटीतून उचललं आणि त्या वाटीत टाकलं. चोरी म्हणा. महाराजांनी पान बघून उजवं फूल बुडवलं आणि विचारलं, की देवा, गेटापाशी जावं का? ऊन चढलं. उजवं फूल पडलं. महाराज त्या पडलेल्या फुलाकडं असे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच चमत्कार बघत होते.

मग महाराजांना एकाएकी कणकण आली. पण लोकांनी ऐकलं नाही. हार घालून त्यांना पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, मागं आम्ही वीस-पंचवीस माणसं. धुरपदा झाडाचं एक पिवळं पान पदरात बांधून बसली होती. सारिका तिच्याशेजारी, पण मधे एका माणसाची जागा सोडून.

कंपनीच्या गेटाबाहेर, भिंतीलगत, ती झाडं होती. आमची वाट बघत थांबलेला महेंद्र मोजून म्हणाला एकतीस, मी पन्नास म्हणणार होतो, पण एकतीसच राहू द्या. सगळ्यांना सोंडा. एकीचा रोख कॅन्टीनकडं, एकीचा मोटारसायकल स्टँडकडं, दोन एकमेकींकडं तोंड करून, तीन सरळ संडासाकडं. लोक पिकअपमधून उतरले आणि कुणी हात जोडायचं ते कळेना. तो मोबाइलवाला म्हातारा सगळ्यांत आधी बोलला. "आता ह्या तिघांत कोन आलंय आन् ते कुनाला अडवतंय?"

झाडांच्या मधे एक बाई खुरपं घेऊन बसली होती. रंगुबाई तिचं नाव. पंधरा वर्षं त्या बागेत कामाला. तिनं आमच्याकडं बघितलं, हाराकडं बघितलं आणि खुरपं खाली ठेवलं.

"बाळासो," ती महाराजांना म्हणाली, "तुजी कात्री आजून माज्याकडं हाय. न्हेतो का?"

बाळासो दोन वर्षं तिच्या हाताखाली बागेत होता, हे तिथंच बोलण्यातून निघालं. झाड कधी सोंड टाकतं आणि सोंड टाकल्यावर त्याचं काय होतं, हे त्याला रंगुबाईनंच शिकवलेलं. त्यानं भाकीत केलंच नव्हतं. घडणारच होतं ते त्यानं एका बाईच्या माथी मारून ठेवलं, म्हणजे झाड गेलं तर दोषी ठरणार ती, आणि तो खरा. लोक त्याच्याकडं वळले तेव्हा तो हार काढून घडी घालत होता. कुणी त्याला हात लावला नाही. उभ्या उभ्या तो एवढंच म्हणाला, की मला वाटलं तुमाला बरं वाटंल. मग हायवेच्या बाजूनं चालत गेला.

रंगुबाईनं सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगतो. हे झाड दहा-बारा वर्षं नुसती पानं काढतं. अंगात पाणी नि साखर साठवतं. मग एकदाच, जन्मात एकदाच दांडी टाकतं. ती लांब आणि जड, म्हणून कमान होऊन वाकते. कुठं वाकायची ते ऊन आणि वजन ठरवतं, कुणाचं दार नाही. फुलं बुडाकडून टोकाकडं फुलत जातात. सगळी साठवण दांडीत जाते, तशी खालून पानं पिवळी पडायला लागतात. फुलं संपली की पानांचा तो गड्डा मरतो. खत घाला, नवस करा, मरतो. तिनं भिंतीच्या टोकाची गेल्या वर्षीची दोन झाडं दाखवली. वाळून काळी झालेली, आणि त्यांच्या बुडाशी पाच-सहा पिल्लं, चांगली टवटवीत. मग एका जुन्या दांडीला हात घालून दाखवलं. फुलं झडलेल्या जागी बोटाएवढी रोपं लटकत होती, पानांसकट, जमिनीत पडायची वाट बघत.

धुरपदा आतापर्यंत मागं उभी होती. ती पुढं आली आणि पदराची गाठ सोडून पिवळं पान रंगुबाईपुढं धरलं.

"आमचं झाड हितलंच हाय का?"

रंगुबाईनं विचारलं, कुणी आणलं होतं. धुरपदेनं नाव सांगितलं. रंगुबाईनं पान हातात घेतलं.

"मीच दिलं वो त्याला," ती म्हणाली. "तवा दोन-तीन वर्सांचं व्हतं. रोज जेवायच्या सुट्टीत यायचा. म्हनायचा, मावशी, आईला बांधावरच्या घायपाताचा काटा लागलाय डोळ्याखाली, तिला बिनकाट्याचं दाखवायचंय. मऊ हाय का बघायला गालाला लावून बघितलं त्यानं पान."

धुरपदेच्या डोळ्याखाली तो व्रण अजून आहे. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. नऊ अधिक तीन ती बहुधा मनात करत होती, कारण ओठ हलले.

"म्हंजी झाडाचं वय झालं व्हतं," ती म्हणाली. मग सारिकाकडं बघून, "म्हंजी हिच्यामुळं न्हाई."

"न्हाई वो, ताई. कुनामुळंच न्हाई."

"आन् त्यो पन आला नव्हता."

रंगुबाईनं पिवळं पान तिच्या पदरात परत बांधलं. मला एखादी थाप सुचली असती तर मारली असती.

परतताना धुरपदा सारिकाशेजारी बसली, मधली जागा न सोडता. पिकअपच्या फळीवर दोघींचे हात शेजारी होते, एकमेकांना धरलेले नव्हते, नुसते शेजारी. शिक्रापूर फाट्याकडं जाणारी एक कंपनीची बस आमच्या पुढून गेली तेव्हा धुरपदा म्हणाली, "संक्रांत झाली की लगीच उरकून घ्या. उन्हाळ्यात पावनं दमत्यात."

झाड माघात गेलं. आम्ही कुणी रडलो नाही. गड्डा उपटला तर बुडाशी चार पिल्लं निघाली. एक धुरपदेनं पिशवीत घालून सारिकाला दिलं, एक जागच्या जागी लावलं, दोन ताईबाईनं मागून नेली. ती हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, की बारा वर्षांनी सोंड येणार आहे, घाबरू नका.

सारिका आता रांजणगावात राहते, रविवारी येते. बाकीचे सहा दिवस आमच्या भाजीत मीठ किती आहे, ते आम्हाला कळत नाही. आम्ही जेवतो.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच, आणि यातलं अर्धं कापून धरू नका, हे पुरं धरा. दारातलं झाड वाळलं, गाय आटली, विहिरीचं पाणी गेलं आणि कुणी येऊन घरातल्या एखाद्या बाईकडं बोट दाखवलं, तर त्याचा हार बघू नका, त्याची वाटी चाखा. तुमच्या जिभेला चव नसेल तर जिला आहे तिला चाखायला द्या. आणि बोट दाखवायच्या आधी झाडाचं वय विचारा.